अंजिराचा शेंडा

आमच्या नोकरीची पहिली काही वर्षे सासवड भागात गेली. आठवडाभर उर्दू आणि मराठी शिकवायचे आणि रविवारी कुणा ना कुणा विद्यार्थ्याच्या घरी, म्हणजे बहुतेक वेळा अंजिराच्या बागेत, जायचे. पुरंदरच्या अंजिराची ओळख वाचकांना करून द्यायला नको. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथल्या शेतकऱ्यांची छाटणी दोन-चार हंगाम पाहिली की माणूस स्वतःला अंजिराचा जाणकार समजू लागतो. आम्हीही समजू लागलो होतो. त्या समजुतीपायी बर्मिंगहॅममधल्या एका झाडाचे तीन वर्षांचे फळ गेले, त्याची ही हकिकत आहे. थंड मुलखात राहणाऱ्या आपल्या कुणा नातेवाइकाच्या परसात अंजीर असेल, तर हा अंक त्यांना जरूर दाखवा.

झाड आमच्या आपांच्या घरचे. आपा लग्न होऊन बर्मिंगहॅमला गेल्या, त्याला आता तीस वर्षे होत आली. घर तिकडच्या चाळीसारख्या सलग रांगेतले, मागे चिंचोळे परस आणि टोकाला लाकडी खोपटे. त्या परसात दक्षिणेकडे तोंड असलेल्या विटांच्या भिंतीला लावून दुल्हेभाईंनी अंजिराचे रोप लावले होते. ते गेले तेव्हा झाड माणसाच्या डोक्यावर पोहोचले होते. दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीस फळ पिकायचे आणि दुल्हेभाई बशीत पाच-सहा अंजिरे घालून शेजारी नेऊन द्यायचे. दुकानात पेटीभर मिळत असतील, पण घरच्या अंजिराची बशी निराळी, असे त्यांचे म्हणणे.

ते गेल्यानंतरच्या हिवाळ्यात भाच्याने फोन केला. "मामू, अब्बांचं झाड फार वाढलंय, काय करू?" आम्ही क्षणाचाही विचार न करता पुरंदरचा धडा म्हणून दाखवला: अंजीर नव्या फुटीवर येते; जुन्या काड्या जोरात छाट, नवे फुटवे निघतील, त्यांवर फळ धरेल. भाचा आज्ञाधारक. त्याने सिकेटर आणले आणि सगळ्या फांद्या शेंड्याकडून हात-हात भर कापून झाड गोल, नीटनेटके केले. पुढल्या उन्हाळ्यात अंजिरे आली खरी, पण ऑक्टोबर उजाडला तरी हिरवी, टणक. थंडी पडली तशी गळून गेली. त्याने पुन्हा विचारले. आम्ही म्हणालो, फळ धरते आहे म्हणजे झाडात दम आहे, यंदा आणखी जोरात छाट. त्याने छाटले. मग सहा-सहा फुटांचे सरळ फुटवे, सुपाएवढी पाने, शेजाऱ्याच्या खिडकीवर सावली; आणि फळ पुन्हा हिरवे ते हिरवेच. तिसऱ्या वर्षीही तेच. आपा फोनवर एकदाच बोलल्या, "त्यांच्याबरोबर त्या झाडाचीही बरकत गेली रे." भाच्याच्या मनात झाड मुळासकट काढून तिथे फरशी घालायचे होते. आईला कसे सांगायचे, एवढ्यावरच ते अडले होते.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब तिकडे गेलो. दुसऱ्याच दिवशी असरच्या नमाजनंतर परसात जाऊन झाडासमोर उभे राहिलो. पाने नुकतीच फुटत होती. फळाचा कुठे मागमूस नव्हता. तेवढ्यात भाच्याची सहा वर्षांची मुलगी खोपट्यामागून ओरडली, "दादाजान, इथे आहेत!" खोपटे आणि भिंत यांच्या फटीत एक फांदी शिरली होती. तिथे शिडी लावता येत नव्हती, म्हणून तीन वर्षे तिला कात्री लागली नव्हती. तिच्या शेंड्याजवळ, पाने पुरती उलगडायच्या आधीच, बोराएवढी सात अंजिरे होती. आम्ही ती दोनदा मोजली. सबंध झाडावर फळ नाही, आणि जिला कुणी हात लावला नाही त्या एका फांदीवर सात.

भिंतीपलीकडचे शेजारी सायप्रसहून फार वर्षांपूर्वी आलेले तुर्की बुजुर्ग आहेत. दुल्हेभाईंची बशी जायची ती त्यांच्याच घरी. आमची गडबड ऐकून ते भिंतीपाशी आले. त्यांचे इंग्रजी थोडके, आमचे शाळामास्तरी. पण तुर्कीत अंजिराला 'इंजिर' म्हणतात, त्यामुळे मुद्द्याचा शब्द दोघांनाही कळला. त्यांनी खोपट्यामागच्या फांदीचा शेंडा दोन बोटांत धरला, फळे दाखवली, मग भाच्याने छाटलेल्या फांदीचे बोथट टोक दाखवून कात्री चालवल्याची खूण केली आणि मान हलवली. दर हिवाळ्यात मुलगा शेंडे कापताना ते खिडकीतून पाहत होते. बोलले का नाहीत, असे भाच्याने विचारले. बापाचे झाड, मुलगा कापतोय, मी मध्ये कशाला बोलू, अशा अर्थाचे काहीतरी ते म्हणाले. आमची मात्र मान खाली गेली. सात हजार किलोमीटरवरून न पाहता बोलणारे आम्ही होतो, आणि पाहणारा गप्प होता.

त्या रात्री आम्ही भाच्याच्या मुलीच्या पाटीवर हिशेब मांडला. अंजिराचे फळ दिसू लागल्यापासून पिकेपर्यंत साधारण चार ते पाच महिने लागतात. पुरंदरात हे महिने कमी पडत नाहीत. तिथे जूनच्या सुमारास छाटून खट्टा बहार धरतात, त्याची फळे डिसेंबर-जानेवारीत. पावसाळ्याच्या शेवटी झाडाला पाण्याचा ताण देऊन सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटून मीठा बहार धरतात, त्याची फळे उन्हाळ्यात. कापले की फूट, फुटीवर फळ. ऊन बारा महिने हजर. इंग्लंडमध्ये झाड जागे होते एप्रिल-मेमध्ये. नव्या फुटीवर फळ दिसायला जुलै उजाडतो. तिथून चार-पाच महिने म्हणजे नोव्हेंबर, डिसेंबर. तोवर सूर्य नावापुरता आणि पहाटे गवतावर गोठलेले दव. नव्या फुटीवरचे फळ तिथे पिकणार नाही, हे तिसरीच्या गणितातले उत्तर आहे. आम्ही ते तीन वर्षे मांडलेच नव्हते.

मग तिथे पिकते ते कोणते? उन्हाळा संपता संपता, ऑगस्ट-सप्टेंबरात, त्या वर्षीच्या काडीच्या शेंड्याजवळ पानाच्या देठापाशी वाटाण्याच्या दाण्याएवढी गाठ येते. तिला कुणी फळ म्हणणार नाही. पाने गळतात, झाड झोपते, तीही झोपते. काडी फार गोठली नाही तर वसंतात ती जागी होते, फुगते आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पिकते. म्हणजे आज खाल्लेले अंजीर मागल्या वर्षी धरलेले असते. ही गाठ शेंड्याच्या वीतभर भागात असते, आणि माणूस झाड 'नीटनेटके' करताना नेमका तोच भाग कापतो. भाचा दर हिवाळ्यात पुढल्या वर्षीचे सगळे पीक कचऱ्याच्या पिशवीत भरत होता, आणि ते आमच्या सांगण्यावरून.

या झाडाला मुळात एवढी थंडी सोसायची सवय कशी, याचे आम्हाला कुतूहल होते. अंजीर आपल्या वड, पिंपळ, उंबराचे भावंड. पण घर पश्चिम आशियाचे. सूरह तीनमध्ये अल्लाहने जैतूनबरोबर ज्याची शपथ घेतली ते हे फळ, शाम देशाच्या उन्हात वाढणारे. तरी ते थंडीत पाने गाळून झोपते, आणि झोपलेले लाकूड उणे १० अंशांच्या आसपासची, पक्के झाले असेल तर त्याहूनही थोडी जास्त थंडी काढते. आधी मरतात ते कोवळे, पाणीदार शेंडे. जोरात छाटलेल्या झाडाला असेच कोवळे, लांबलचक फुटवे येतात, म्हणजे एका चुकीतून दुसरे नुकसान. स्मर्ना जातीच्या अंजिराला फळ धरण्यासाठी एक बारीक माशी लागते, ती इंग्लंडमध्ये नाही. तिथे लावतात त्या 'ब्राउन टर्की', 'ब्रन्सविक' अशा जाती, ज्यांचे फळ माशीशिवाय धरते. आपांकडचे झाड 'ब्राउन टर्की'च आहे.

ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात शाममधून आलेले एक अंजीर आहे. एडवर्ड पोकॉक नावाचे गृहस्थ १६३० च्या दशकात हलब शहरातल्या इंग्रज व्यापाऱ्यांचे पाद्री होते. तिथे अरबी शिकले आणि १६३६ साली ऑक्सफर्डमध्ये अरबीचे प्राध्यापक झाले. त्यांनी हलबहून आणून लावलेले ते झाड आजही आहे असे सांगतात. अरबीच्या एका मास्तराने लावलेले झाड पावणेचारशे वर्षे त्या थंडीत उभे आहे, म्हणून आम्हाला त्याचे अगत्य वाटले; पण ते प्रोफेसरांच्या आवारातल्या बागेत असल्याने पाहायला मिळाले नाही. आपा म्हणाल्या, "राहू दे, आपलं बघ."

जिथे थंडी याहून कडक, तिथे लोक अजब मेहनत करतात. पॅरिसजवळच्या आर्जांतय गावचे बागायतदार अंजिराची झाडे मुद्दाम बुटकी, जमिनीलगत पसरलेली ठेवत. हिवाळ्यापूर्वी फांद्या जुळवून वाकवायच्या, चरात निजवायच्या, वर माती लोटायची; वसंतात उकरून उभ्या करायच्या. छाटणीही त्या हिशेबाने, फांद्या लवचीक राहतील आणि जुनी जाड खोडे वेळेवर निघतील अशी. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाला गेलेल्या इटालियन कुटुंबांनी हीच रीत नेली. कुणी झाड पुरतात, तर कुणी पानगळीनंतर आडव्या-तिडव्या फांद्या काढून उरलेल्या दोरीने मोळीसारख्या आवळतात, त्यावर गोणपाट आणि जुन्या सतरंज्या गुंडाळतात आणि पाऊस आत जाऊ नये म्हणून टोकावर बादली पालथी घालतात. या सगळ्या उपद्व्यापाचा हेतू एकच, जुनी काडी जगवणे. जिथे काही केले तरी काडी जमिनीपर्यंत मरते, तिथे 'शिकागो हार्डी'सारखी जात लावतात, जी बुंध्यातून नव्याने फुटून त्याच उन्हाळ्यात फळ देऊ शकते. अशा ठिकाणी उन्हाळाही कडक असतो म्हणून ते जमते. तिथे मेलेली काडी खुशाल जमिनीलगत कापावी. म्हणून कुणी सल्ला विचारलाच तर आधी त्याला विचारावे: हिवाळ्यानंतर तुझी मागल्या वर्षीची काडी जिवंत असते का? नखाने साल किंचित खरवडली की कळते. आत हिरवे दिसले तर जिवंत, तपकिरी आणि कोरडे दिसले तर मेलेली.

बर्मिंगहॅमला काडी जगते. त्यामुळे आमचे काम त्या मानाने सोपे होते. जूनच्या सुरुवातीला, परत निघण्याआधी, आम्ही आणि भाचा मिळून नव्या फुटव्यांचे शेंडे खुडले. प्रत्येक फुटव्यावर पाच-सहा पाने मोजून पुढचे कोवळे टोक नखाने चिमटायचे. जूनमध्ये शेंडा खुडला की फूट थबकते, बाजूने आखूड काड्या निघतात आणि त्यांच्या टोकांना उन्हाळ्याच्या शेवटी वाटाण्याएवढ्या गाठी धरायला वेळ मिळतो. हेच खुडणे ऑगस्टमध्ये केले तर निघालेली काडी हिवाळ्यापूर्वी पक्की होत नाही. वाचक म्हणतील, शेंडा कापू नको म्हणता आणि शेंडाच खुडायला सांगता. फरक हंगामाचा आहे. जूनच्या शेंड्यात फक्त वाढ असते, हिवाळ्याच्या शेंड्यात पुढचे पीक.

हातमोज्यांबद्दल इथेच सांगतो. अंजिराचा पांढरा चीक कातडीवर लागून वर ऊन पडले की भाजल्यासारखे फोड उठतात. भाच्याने आखूड बाह्यांचा शर्ट घालून काम केले होते. दुसऱ्या दिवशी त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत लाल पट्टे, आणि त्यांचे काळपट डाग पुढे कित्येक आठवडे राहिले. हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि काम झाले की साबणाने हात धुणे. डोळ्यांना चुकूनही हात लावू नये. मुलांना जवळ येऊ देऊ नये. आमची नात रुसली, तरी तिला दारातच बसवले होते.

बुंध्याशी माती उकरताना दुल्हेभाईंचे एक काम हाती लागले. झाडाच्या चारी बाजूंना जमिनीत उभ्या पुरलेल्या फरश्या होत्या, मधोमध दोन फूट लांब-रुंद आणि तेवढाच खोल खड्डा, तळाशी विटांचे तुकडे. मुळांना मोकळे रान मिळाले की अंजीर पानांतच रमते. मुळे कोंडली की फळाकडे वळते. हे त्यांना कुणी शिकवले होते कोण जाणे, बहुधा भिंतीपलीकडच्यांनी. आपांना त्याची कल्पनाही नव्हती. त्या बराच वेळ त्या फरश्यांकडे पाहत उभ्या होत्या. फरशी घालायचा विषय भाच्याने त्यानंतर काढला नाही.

आम्ही परत आलो आणि पुढचे सगळे फोटोंवर. सप्टेंबरात शेंड्यांवर गाठी दिसल्या. नोव्हेंबरात पानगळ झाल्यावर भाच्याचा फोन आला, आवाजात काळजी: सुपारीएवढी आणि त्याहून मोठी हिरवी अंजिरे अजून झाडावर आहेत, आणि शेजारचे चाचा म्हणतात, ती सगळी तोडून टाक. त्याचा हात होत नव्हता. तीन वर्षे फळाला तरसलेल्या माणसाला आलेले फळ फेकायला सांगणे जड जाते. पण चाचांचे बरोबर होते. ती हिरवी फळे हिवाळ्यात हमखास मरतात, काडीवर कुजतात आणि कूज काडीत उतरू शकते. ठेवायची ती वाटाण्याएवढीच. त्याने बादलीभर हिरवे अंजीर उतरवले आणि कडाक्याच्या रात्रींसाठी शेंड्यांवर बागेचे पांढरे पातळ कापड टाचले.

खरी छाटणी झाली मार्चमध्ये. भर हिवाळ्यात कापले तर ताज्या जखमेतून थंडी आत शिरते, आणि पाने फुटल्यावर कापले तर चीक वाहत राहतो. मधला महिना मार्चचा. आधी मेलेल्या, गोठून काळ्या पडलेल्या काड्या. मग एकमेकींवर घासणाऱ्या आणि भिंतीपासून पुढे आलेल्या. शेवटी एकच जुने, जाड, टोकाकडे उघडे पडलेले खोड निवडून बुंध्यापाशी दोन इंचांचा खुंट ठेवून कापले. त्या खुंटातून नवी फूट येते आणि दोन-तीन वर्षांत जुन्याची जागा घेते. बाकीचे शेंडे जसेच्या तसे. झाड अस्ताव्यस्त दिसत होते. भाच्याने फोटो पाठवून खाली लिहिले, "मामू, हे असंच ठेवायचं?" आम्ही उत्तर दिले, चाचांना विचार. त्यांचा होकार आला.

यंदा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पहिले अंजीर पिकले. पिकल्याची खूण रंगात नसते. फळाची मान झुकते, सालीला बारीक चिरा पडतात, खालच्या डोळ्याशी मधासारखा थेंब येतो. तोवर थांबावे, कारण तोडलेले कच्चे अंजीर मऊ पडेल, गोड होणार नाही. सूरह तीन तोंडपाठ असलेल्या नातीने झाडावरचे पिकलेले अंजीर पहिल्यांदाच हातात घेतले होते. पंधरा-वीस दिवसांत एकतीस फळे निघाली. आपांनी पहिली बशी भिंतीपलीकडे पाठवली. मुंबईच्या बाजारात दोऱ्यात ओवलेले काबुली अंजीर आपण शेराने खातो. एकतीस म्हणजे त्यापुढे काहीच नव्हे. पण आपांनी फोनवर आकडा दोनदा सांगितला.

आता येत्या मार्चचा प्रश्न आहे. तीन जुन्या खोडांपैकी एक गेले, दोन उरली. त्यांतले भिंतीलगतचे सर्वांत जुने. त्यावर यंदा तीनच फळे होती, रीतीने पाहता पाळी त्याचीच. पण त्याला दुल्हेभाईंनी भिंतीतल्या खिळ्यापासून बांधलेली तार आहे. खोड वाढत गेले, तार सालीत रुतली आणि आता लाकडाच्या आत गेली आहे. भाचा म्हणतो, खोड तिथूनच कमजोर झाले आहे, वाऱ्याने मोडण्याआधी कापू. आपा म्हणतात, दुसरे काप. भाच्याने आम्हाला विचारले आहे. आम्ही अजून उत्तर दिलेले नाही. त्या जागेचा जवळून काढलेला फोटो मागवला आहे, तार कुठे शिरते आणि कुठून बाहेर येते ते दिसेल असा.